चर्च चुकत नाही, प्रार्थना चुकत नाही, तरी देव दूर का वाटतो?

प्रश्न : मी मूळची नगर जिल्ह्यातली, आता पिंपरीत राहते. हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. आजोबांपासून घरात ख्रिस्ती विश्वास आहे. रविवारची उपासना चुकत नाही, क्वायरमध्ये गाते, वर्षभरात पूर्ण बायबल वाचायची योजना मोबाइलवर चालू आहे. पण आतून कोरडं वाटतं. प्रार्थनेला डोळे मिटले की ड्यूटी आठवते, नाहीतर झोप लागते. महिलांच्या प्रार्थनासभेत बाकीच्या रडतात, साक्षी देतात; माझ्या आत काही हलत नाही. माझ्या विश्वासातच खोट आहे का? देवाच्या जवळ जायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

उत्तर :

जय ख्रिस्त, ताई.

विश्वासात खोट आहे का, याचं उत्तर आधी देतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तसं दिसत नाही. ज्याला देवाशी देणंघेणं उरलेलं नसतं त्याला देव दूरही वाटत नाही, त्याला काहीच वाटत नाही. पाळक म्हणून आणि पुढे एकांतशिबिरांत लोकांजवळ बसून मी हा प्रश्न खूप ऐकला आहे. तो घेऊन येणारे बहुतेक जण मंडळीतले सगळ्यात नियमित लोक असतात. पाळकही असतात, फक्त ते दार लावून विचारतात.

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न सगळ्यात धीटपणे मांडला तो पंडिता रमाबाईंनी. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. आणि १९०७ साली स्वतःची साक्ष लिहिताना त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. ही आठ वर्षं कोणती ते पाहा. शारदा सदन याच वर्षांत उभं राहिलं. काम खरं होतं, त्याग खरा होता, अभ्यास तर असा की वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांशी त्यांनी पत्रांतून सिद्धान्तांवर वाद घातले. इतकं असूनही, स्वतः जशा आहोत तशा ख्रिस्तापुढे जाऊन उभं राहणं बाकी होतं. रमाबाईंना जे लिहायला लाज वाटली नाही ते तुम्ही मला लिहिलंत, एवढंच झालंय.

म्हणून आणखी एक सभा, आणखी एक उपवास, आणखी चार अध्याय असं काही मी सांगणार नाही. तुमच्याकडे ते सगळं आहे. माझ्या मते देवाजवळ जाणं म्हणजे त्याच्यासमोर अधिकाधिक खरं होत जाणं. भावना त्याच्या मागून येतात, कधी येतही नाहीत.

तुम्ही प्रार्थनेत काय बोलता ते लिहिलेलं नाही, पण आपल्या लोकांच्या प्रार्थना ऐकण्यात माझं आयुष्य गेलंय, तेव्हा अंदाज करतो. "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, आजचा नवा दिवस दाखवलास म्हणून तुझे उपकार मानतो..." मग आजारी, मग प्रवासातले, मग मंडळी, मग देशाचे पुढारी, आणि येशूच्या नावाने आमेन. या प्रार्थनेला मी नावं ठेवत नाही. आपल्या आजीआजोबांनी ती दिली, आणि ज्या दिवशी स्वतःचे शब्द सुचत नाहीत त्या दिवशी तीच आधार देते. पण तिच्यात तुम्ही कुठे आहात? रात्रपाळीत कोणी चारचौघांत बोललं असेल तो अपमान, घरच्या माणसावरचा गिळलेला राग, पगाराची चिंता, वॉर्डातलं एखादं तरुण पेशंट गेल्यावर 'देवा, हे काय केलंस' म्हणून आलेला संताप, यातलं काही तिच्यात येतं का? नवराबायको वर्षानुवर्षं 'जेवलात का, लाइटबिल भरलं का' एवढंच बोलत राहिले तर भांडण नसतानाही घर गार पडतं. तुमचं देवाशी तसं झालं असावं, असं मला वाटतं.

आपल्याला वाटतं, देवाशी असं उघडं बोलणं उद्धटपणाचं. पवित्र शास्त्र तसं म्हणत नाही. हन्ना मंदिरात गेली तेव्हा तिचे नुसते ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं ही बाई दारू पिऊन आलीय. ती म्हणाली, मी परमेश्वरापुढे माझं मन मोकळं करतेय. यिर्मया संदेष्टा तर देवाला तोंडावर म्हणतो की तू मला फसवलंस. संकटांनी पिचलेल्या ईयोबाने अध्यायामागून अध्याय देवाशी भांडण काढलं, त्याचे मित्र मात्र देवाची बाजू घेऊन अगदी शास्त्रशुद्ध बोलत राहिले. शेवटी देव कोणावर रागावला? मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं त्याने त्यांना सुनावलं.

आणि स्तोत्रसंहिता. १५० स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. उपासनेत आपण २३वं, ९१वं, १०३वं, १२१वं पुनःपुन्हा वाचतो, पण ८८वं शेवटचं कधी ऐकलंत? बाकीची बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, ८८वं वळत नाही, अंधारातच संपतं. ज्यांनी शास्त्र जुळवलं त्यांनी ते काढून टाकलं नाही. १३९वं तर आपलं लाडकं. 'आईच्या उदरात तूच मला घडवलंस' ते वाचताना सगळ्यांचे चेहरे मऊ होतात. पण १९व्या ओवीपासून तोच कवी म्हणतो, देवा, दुष्टांना मारून टाक, मला त्यांचा पुरेपूर द्वेष वाटतो. वाचणारा बहुधा तिथे थांबतो आणि थेट शेवटच्या दोन ओव्यांवर उडी मारतो. त्या शेवटच्या ओव्यांत कवी देवाला विनवतो की माझं अंतःकरण तपासून पाहा. मधला द्वेष गाळला तर तपासायला काय उरलं? तो कवी द्वेष लपवून देवाकडे गेला नाही, द्वेषासकट गेला.

वधस्तंभावर प्रभूच्या ओठांवर आलं तेही विलापस्तोत्रच होतं, २२वं : माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?

आता 'नेमकं काय करायचं' याकडे वळतो.

पहाटे पाचला उठून तासभर प्रार्थना हा सल्ला तुमच्यासारखीने ऐकू नये. पाळी बदलणाऱ्या माणसाला पहाट रोज एकाच वेळी येत नाही. पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण ती घड्याळाला न बांधता एखाद्या नेहमीच्या कामाला बांधा. ड्यूटी संपवून कपडे बदलल्यावर, बस पकडण्याआधी, असं काही. जागा शक्यतो तीच ठेवा. मत्तयाच्या ६व्या अध्यायात प्रभू म्हणतो, आपल्या खोलीत जा आणि दार लाव. दोन खोल्यांच्या घरात चार माणसं राहत असतील तर दार लावणं अवघडच आहे. गच्ची चालते, हॉस्पिटलात चॅपल असेल तर फारच बरं. मोबाइल बॅगेत ठेवा, आणि त्यावरची वर्षाची वाचनयोजना तूर्त बंद करा. मला माहीत आहे, हे ऐकून कोणाच्या तरी भुवया चढतील. पण दिवसाला तीन-चार अध्याय संपवायचे, राहिले की उद्या दुप्पट, अशा वाचनात माणूस शास्त्र वाचत नाही, थकबाकी फेडतो. पुस्तक छापील घ्या. जुन्या भाषांतराची भाषा पाठ झाल्यामुळे कानावरून घसरत असेल, तर काही दिवस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' वाचून पाहा. ओळखीचा उतारा अनोळखी शब्दांत आला की डोळा थांबतो.

मार्काच्या शुभवर्तमानातून एक प्रसंग घ्या आणि त्यावर चार दिवस राहा. बाराव्या शतकात गिगो नावाच्या एका कार्थुसियन मठवाशाने अशा वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि मग काही न करता नुसतं राहणं. कॅथलिक मंडळींत हे शिकवतात; आपल्याकडे प्रोटेस्टंटांत फारसं शिकवत नाहीत, पण ते शास्त्राला धरूनच आहे आणि मी ते निःसंकोच उचललं आहे.

उदाहरणादाखल ५व्या अध्यायातली बारा वर्षं रक्तस्राव होत असलेली बाई घ्या. पहिल्या दिवशी सावकाश दोनदा वाचा, मोठ्याने वाचता आलं तर उत्तम. कुठला शब्द खटकला, कुठे डोळा अडकला, एवढंच पाहा. तुम्ही नर्स आहात, 'पुष्कळ वैद्यांच्या हातून हाल सोसले, जवळचं सगळं खर्च केलं, गुण आला नाही' ही ओळ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. दुसऱ्या दिवशी त्या गर्दीत उभ्या राहा. येशू ज्याच्या घरी निघालाय त्या याईराची मुलगी मरणाच्या दारात आहे, घाई आहे, लोक येशूला चेंगरताहेत. इतक्या लोकांचे अंग त्याला लागतंय, पण त्यातला एकच स्पर्श त्याला कळतो. शिष्य वैतागतात, इतकी गर्दी आहे आणि 'मला कोणी शिवलं' म्हणून काय विचारतोस? तिसऱ्या दिवशी हे पाहा की त्याच्या वस्त्राला शिवून ती बरी झालेली आहे, हळूच निघून गेली असती तरी चाललं असतं. तिला जे हवं होतं ते मिळालंय. तरी तो थांबतो, तिला समोर येऊ देतो. ती भीतभीत, कापत येते आणि त्याला सगळं खरं खरं सांगते. बारा वर्षांचं, भर गर्दीत. मग तो तिला 'मुली' म्हणतो. बरं होणं आधी झालं, नातं या बोलण्यानंतर जुळलं. मला वाटतं, आपल्यातले पुष्कळ ख्रिस्ती लोक वस्त्राला शिवून आशीर्वाद घेऊन गर्दीत परत गेलेले आहेत.

चौथ्या दिवशी वाचू नका. तिच्या जागी बसा आणि तुमचं जे खरं आहे ते एका वाक्यात बोला. एकच वाक्य असू द्या. 'मला तुझा कंटाळा आलाय' हे खरं असेल तर तेच. 'मला काही वाटत नाही आणि त्याची मला लाज वाटते', हेही चालेल. त्या वाक्यावर देवाला लगेच उत्तर देऊ देऊ नका. म्हणजे स्वतःच स्वतःला एखादं वचन ऐकवून पांघरूण घालू नका. आपल्याला रविवारशाळेपासून ती सवय असते. वाक्य तसंच उघडं राहू द्या आणि पाच मिनिटं गप्प बसा.

या गप्प बसण्यात झोप येईल. येऊ द्या. रात्रभर वॉर्डात उभं राहिलेल्या बाईला प्रार्थनेत झोप लागली तर तिला मी पापी म्हणणार नाही. लिझ्यूच्या मठातली तेरेसा, जी १८९७ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी वारली आणि जिला कॅथलिक चर्च संत मानतं, ती कित्येक वर्षं प्रार्थनेत डुलक्या घेत होती आणि तिने त्याचं फारसं वाईट वाटून घेतलं नाही. एलीयाची गोष्ट तर यासाठी मला फार जवळची. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवणारा हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. देवाने त्याला काय दिलं? प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं, दूताकरवी उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. चाळीस दिवसांची वाट चालून होरेब डोंगराला पोचल्यावर मग देवाचा तो सुप्रसिद्ध मंद आवाज. त्यातही एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. देवाने 'तू इथे काय करतोस' असं दोनदा विचारलं आणि एलीयाने दोन्ही वेळा तीच तक्रार जवळजवळ शब्दशः ऐकवली. वारा, भूकंप, अग्नी, मंद वाणी, सगळं मधे होऊन गेलं तरी तक्रार तीच. देवाने त्याला टाकलं नाही, पुढचं काम सांगितलं. तेव्हा तुमची तक्रार महिनाभर तीच राहिली तर घाबरू नका. आणि सलग रात्रपाळ्यांच्या आठवड्यात प्रार्थना जमली नाही तर आधी झोप काढा.

दुसरी एक सवय सांगतो. तिला वेगळा वेळ लागत नाही, बसमध्येही होते. इग्नेशियस लोयोला हा स्पेनचा लढवय्या. १५२१ साली पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि महिनोन्‌महिने अंथरुणावर पडला. करमणुकीला शूरवीरांच्या कादंबऱ्या हव्या होत्या, घरात मिळाली ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. पडल्यापडल्या त्याच्या लक्षात आलं की दरबारी स्वप्नं रंगवताना मजा येते, पण नंतर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगण्याचा विचार केला की नंतरही आनंद टिकतो. कुठला विचार आपल्याला कुठे नेऊन सोडतो यावर लक्ष ठेवण्याची त्याची पद्धत इथून जन्मली. तुम्ही ती अशी करा : पाळी संपली की गेल्या बारा तासांवरून मन फिरवा. कुठे जीव आला? कुठे जीव गेला? एखाद्या म्हाताऱ्याने हात धरला तेव्हा आत काय झालं? कोणावर उगाच खेकसले? जिथे जीव आला तिथे देवाचे उपकार माना. जिथे खेकसलात तिथे क्षमा मागा, आणि त्या माणसाचं नाव घेऊन मागा. देव दूर वाटतो याचं एक साधं कारण हेही असतं की आपण त्याला फक्त प्रार्थनेच्या वेळी शोधतो आणि उरलेल्या दिवसात तो कुठे होता ते पाहतच नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात लॉरेन्स नावाचा एक ब्रदर होता, स्वयंपाकघरात कामाला. त्याला स्वयंपाकाचा मुळात तिटकारा. त्याच खरकट्या-भांड्यांच्या गोंगाटात तो देवाशी बोलायला शिकला आणि म्हणायचा की माझ्यासाठी कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ वेगळी नाही. तुमच्या वॉर्डालाही हे लागू आहे.

क्वायरबद्दल एक सुचवतो. क्वायरमध्ये गाताना सूर, पट्टी, पुढची ओळ, सगळं सांभाळावं लागतं; तिथे भक्ती झाली नाही तर नवल नाही. घरी एकटीने, घाई न करता, 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं नारायण वामन टिळकांचं एखादं पद म्हणा. टिळक सांगायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आपल्या मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानात अभंगाची चाल मुरलेली आहे. भाषांतरित गीतांनी जे हलत नाही ते कधी कधी तिने हलतं.

आता थोडं अवघड. मत्तयाच्या ५व्या अध्यायात प्रभू म्हणतो की वेदीवर अर्पण आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तुमच्या पत्रात कोणाशी अबोला आहे का ते नाही, पण असेल तर प्रार्थनेच्या पद्धती बदलून उपयोग होत नाही. मी पाहिलंय, भावाभावांत जमिनीवरून बोलणं बंद, आणि दोघेही वेगवेगळ्या बाकांवर बसून वर्षानुवर्षं देवाजवळ जाण्याची प्रार्थना करताहेत. समेट लगेच जमेल असं मी म्हणत नाही. ज्याने तुमच्यावर हात उगारला, ज्याच्यापासून धोका आहे, त्याच्याकडे परत जा असं तर मुळीच म्हणत नाही. पण 'देवा, मला तिला क्षमा करायची इच्छा नाही, ती इच्छा तूच दे', एवढं खरं वाक्य आजही बोलता येतं. घरात भांडणं असली की देव जवळ येत नाही, असंही समजू नका. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली असतील तर ठाऊकच आहे, टिळक रागीट होते, हातात पैसा टिकत नसे, नवराबायकोचे खटके उडायचे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधली वर्षं त्यांनी नवऱ्याच्या विश्वासात नुसती मान डोलवली नाही, स्वतःला पटेपर्यंत थांबल्या. त्यांचा विश्वास नंतर इतका भक्कम निघाला त्याचं एक कारण मला हेच वाटतं.

कोरडेपणाबद्दल तुम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटतेय, म्हणून तिथे थोडा वेळ थांबतो. कोरडेपणा एकाच जातीचा नसतो. एक थकव्याचा, त्याबद्दल एलीयाच्या निमित्ताने बोललो. दुसरा, माहीत असूनही न सोडलेल्या पापाचा. तो माणसाला आतून ठाऊक असतो, मला शोधून काढावा लागत नाही. तिसरा वेगळाच. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये योहान नावाचा एक कार्मेलाइट होता, क्रुसाचा योहान म्हणून ओळखला जातो. मठाच्या सुधारणेवरून त्याच्याच पंथबंधूंनी त्याला १५७७ साली तोलेदोत नऊ महिने कोंडून ठेवलं. आत्म्याच्या 'काळोख्या रात्री'बद्दल त्याने पुढे लिहिलं, आणि ही रात्र देवाकडून आहे की आपल्या ढिलाईतून, हे ओळखायच्या तीन खुणा दिल्या. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण दुसऱ्या कशातही वाटत नाही. आपण देवाची सेवा नीट करत नाही, मागे पडतोय, ही टोचणी सतत असते. आणि पूर्वीसारखं चिंतन, कल्पना करून प्रार्थना, हे कितीही जोर लावला तरी जमत नाही. ढिला माणूस टोचणीतून सुटलेला असतो. तुमचं अख्खं पत्र टोचणीचं आहे. अशा वेळी योहानाचा सल्ला असा की जोर लावू नका, काहीतरी वाटावं म्हणून धडपडू नका, देवाकडे शांत, प्रेमळ लक्ष ठेवून बसा, काही घडत नाही असं वाटलं तरी. त्याच्याच सोबतीने काम केलेली आविलाची तेरेसा लिहिते की अनेक वर्षं प्रार्थनेच्या तासात तिचं लक्ष तास संपल्याचा ठोका कधी पडतो याकडेच जास्त असायचं. प्रार्थना शिकवणारी म्हणून आज जग जिला ओळखतं, तिची ही कबुली.

हाच योहान तिथेच असंही सांगतो की उदासीनतेचा आजार वेगळा, त्याला ही रात्र समजू नये. सोळाव्या शतकातल्या माणसाला हे कळत होतं. सध्या मात्र डिप्रेशनला 'विश्वास कमी पडतोय' म्हणणारे लोक मला अजून भेटतात, आणि त्यांच्यामुळे झालेलं नुकसानही मी पाहिलंय. गोडी फक्त प्रार्थनेतली गेलीय की जेवणातली, मुलांतली, आवडत्या मालिकेतलीसुद्धा? ड्यूटी नसतानाही झोप लागत नाही का? जगणं नकोसं वाटतं का? तसं असेल तर तुम्ही हॉस्पिटलातच आहात, मानसोपचाराच्या ओपीडीत जाऊन या. गोळी घेतल्याने देव रागावत नाही. आणि योहानाच्या खुणा व आजाराची लक्षणं एकमेकांसारखी दिसतात, म्हणून निवाडा एकटीने करू नका.

कोरडेपणात एक गोष्ट मात्र टाळा. लोयोलाचा नियम आहे, मन उजाड असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. मंडळी सोडणं, क्वायर सोडणं, नवीन पंथाच्या सभेला जाऊन पुन्हा बाप्तिस्मा घेणं, असले निर्णय आत्ता घेऊ नका. मोबाइलवर एक जण हटकून सापडेल जो सांगेल की अमुक रक्कम 'बीज' म्हणून पाठवा, बंधनं तुटतील. त्याला ब्लॉक करा.

महिलांच्या प्रार्थनासभेतलं रडणं. ते खोटं असतं असं मी म्हणणार नाही. १९०५ साली केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली ढसाढसा रडून पापं कबूल करत होत्या आणि त्यातून पुष्कळ जणींचं जीवन बदललं. पण त्याच रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक कोश पुढे ठेवून संपूर्ण बायबलाचं मराठी भाषांतर एकटीच्या जिद्दीने केलं, १९२२ साली मृत्यूआधी थोडेच दिवस ते पुरं केलं. त्यातल्या बहुतेक दुपारी डोळ्यांत पाणी आणणाऱ्या नसणार. तुम्हाला देवाने अश्रूंचा स्वभाव दिला नसेल. सभेत रडू येत नसेल तर रडू नका, आणि सगळ्या आमेन म्हणतात म्हणून जे तुमचं नाही त्याला आमेनही म्हणू नका.

आपण जवळ जातोय हे ओळखायचं कसं, असं तुम्ही विचारलेलं नाही पण विचाराल. प्रार्थनेच्या वेळी काय वाटतं यावरून ओळखू नका. पौलाने गलतीकरांना आत्म्याचं फळ सांगितलंय : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यातलं बहुतेक दुसऱ्याला आधी दिसतं. तीन-चार महिन्यांनी वॉर्डातल्या आयाबाईला विचारता आलं तर बरं होईल, कारण ती तुमच्यापेक्षा खरं सांगेल. खेकसणं कमी झालंय का? कोणी कौतुक केलं नाही तरी काम चालतं का? चूक कबूल करायला पूर्वीइतका वेळ लागतो का?

शेवटचं, आणि हे टाळू नका. हे सगळं एकटीने करू नका. मंडळीत किंवा बाहेर एक माणूस शोधा, शक्यतो तुमच्यापेक्षा मोठी बाई, जी कमी बोलते आणि गोष्ट पोटात ठेवते. पाळकीणबाई असतील, निवृत्त मेट्रन असेल, कॅथलिक सिस्टर असली तरी हरकत नाही. पुण्यात एकांतध्यान घेणाऱ्या सिस्टर आहेत. महिन्यातून एकदा तासभर भेटा आणि प्रार्थनेत जे खरं वाक्य बोललात ते तिला सांगा. ती लगेच वचनं सांगून तुम्हाला दुरुस्त करू लागली, तर दुसरी शोधा. सुरुवात मार्काच्या ५व्या अध्यायापासून करा, मग स्तोत्र १३, मग ८८. ८८ला पोचाल तेव्हा ते एकटीने वाचू नका, तिच्यासोबत बसून मोठ्याने वाचा.